“एसीत बसून तर असतो, त्याला काय होतंय?”

माण रस्त्याला लागून आपली एक वस्ती आहे. तिथल्या विहारात मध्यंतरी एका रविवारी आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो होतो. सकाळी वंदना झाली, सतरंजी तशीच ठेवली आणि तिच्यावरच टेबल मांडलं. आधी आज्या आल्या, मग आजोबा, मग त्या दिवशी कामावर सुट्टी असलेल्या बाया. सगळं आटोपत आलं तेव्हा एक आई आपल्या मुलाला दंडाला धरून जवळजवळ ओढतच घेऊन आली. मुलगा २७ वर्षांचा, हिंजवडी फेज तीनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर. “माझी तपासली, आता याचीबी बघा, फुकट हाय तर,” एवढंच तिचं म्हणणं.

रक्तदाब निघाला १५४/१००. दहा मिनिटं गप्प बसवलं, दुसऱ्या हाताला पट्टा बांधला, तर १५०/९८. आम्ही आईकडे पाहिलं. ती हसली. “सिस्टर, मशीन बिघडलं असंल. त्यो तर एसीत बसून असतो, त्याला काय होतंय?”

मुलगाही हसला, पण खाली बघून. झोप किती होते, असं त्याला विचारलं. “पाच तास. कधी चार.” किती दिवसांपासून? त्याला आठवेना.

आईचं ते वाक्य आम्ही कितीतरी घरांत ऐकलं आहे, आणि त्यात तिचा दोष नाही. आपल्या घरांत कामाचं माप एकच राहिलं आहे. पाठीवर गोणी, डोक्यावर घमेलं, हातात झाडू, अंगाला घाम. संध्याकाळी माणूस आडवा पडला की घराला कळतं, आज काम झालं. ज्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडली नाही तो दमून आलाय हे त्या मापात बसत नाही. म्हणून तो “डोकं दुखतंय” म्हणाला की घर म्हणतं, मोबाईल कमी बघ. या पानावर आपण आजवर क्षयरोग, रक्तक्षय, बाळंतपण यांवर बोललो. आज बसून होणाऱ्या कामावर बोलू, कारण ते आता आपल्याही घरात आलं आहे.

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे पुण्यातल्या माणसालाही चटकन आठवत नाही. मुळशी म्हटलं की धरण, आणि १९२१ साली टाटांच्या त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकारानं झालेला शेतकऱ्यांचा सत्याग्रह. हिंजवडी, माण, मारुंजी ही त्याच तालुक्यातली भाताच्या खाचरांची गावं. तिथे एमआयडीसीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला, फेज एक, दोन, तीन असा वाढत गेला आणि इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट, टेक महिंद्रा अशा कंपन्या आल्या. जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांना मोबदला मिळाला, त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्या वाट्याला कंपनीच्या दारातली कामं आली: हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कॅन्टीन, गाड्या धुणं आणि चालवणं. आमच्या समोर बसलेली ती आई अशाच एका इमारतीत ठेकेदाराकडून हाऊसकीपिंगला आठ वर्षं होती. आता मुलगा गळ्यात कार्ड घालून तशाच गेटमधून आत जातो. तिला कौतुक नसेल तर कोणाला असेल?

म्हणून चांगलं काय ते आधी सांगतो, आणि हातचं राखून सांगत नाही. या नोकरीनं आपल्या घरांना जे दिलं ते दुसऱ्या फारशा कुठल्या नोकरीनं एवढ्या लवकर दिलेलं नाही. शासकीय नोकऱ्यांची भरती आटत गेली. खासगी कंपनीत आरक्षण नाही, पण कॉलेजात आरक्षण आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती होती म्हणून आपली मुलं डिप्लोमा, डिग्रीपर्यंत पोहोचली आणि तिथून आत शिरली. पगार बँकेत येतो. पीएफ कापला जातो. आई-वडिलांना विमा मिळतो. आम्ही पाहिलेल्या एका घरात पहिल्या दोन पगारांतून घरात संडास झाला. त्याच्या आधी त्या घरातल्या बाया अंधार पडायची वाट बघत आणि म्हणून दिवसभर पाणी कमी पीत. लघवीच्या जळजळीची त्यांची तक्रार आम्ही तीन वर्षं गोळ्यांनी दाबत होतो, ती दोन पगारांनी गेली. हाही औषधोपचारच म्हणायचा. दुसऱ्या घरात आईची चार घरची धुणी-भांडी सुटली आणि गुडघ्यांची सूज उतरली.

आणखी एक गोष्ट मुलं सांगतात. लिहिलेला प्रोग्राम चालला तर चालला. तो कोणी लिहिला हे संगणक विचारत नाही. आपल्या मुलांना आयुष्यात असं पहिल्यांदाच अनुभवायला मिळतं, आणि त्यानं ताठ झालेला कणा आम्हाला दिसतो.

आता पगाराविषयी, कारण गैरसमज तिथून सुरू होतो. वस्तीत बातमी पसरते, “लाखात पगार आहे.” मोठ्या कंपन्यांत नव्या मुलाला गेली कित्येक वर्षं साधारण साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, पण ते वर्षाला. कापाकापी होऊन हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आत-बाहेर. चार-पाच वर्षांनी हात बसला, कंपनी बदलली की पगार चांगला वाढतो, हे खरं. पण घर तोवर थांबत नाही. बहिणीचं लग्न, भावाची फी, गाडीचा हप्ता, मग फ्लॅटचा हप्ता, सगळं त्याच्या नावावर चढतं. त्यामुळे साहेबानं “शनिवारी पण ये” म्हटलं की त्याला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या मागे बापाची शेती किंवा दुकान आहे तो राजीनामा फेकू शकतो, आपला मुलगा नाही. बाजूच्या खुर्चीतल्या मुलाएवढंच काम करूनही त्याचा रक्तदाब वर राहतो, याचं एक कारण आम्हाला इथे दिसतं.

कामाचे तास कुठे जातात तेही बघा. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणजे दिवसभर काम करायचं आणि साहेबांशी बोलणी रात्री. चालू प्रोग्राम रात्री कुठे अडला तर फोन येतो, उठून तो सुरू करायचा. शिवाय रस्ता. भूमकर चौक, वाकडचा पूल, शिवाजी चौक. दोन-चार किलोमीटरला तास जातो, पावसाळ्यात दीड. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली. त्या खांबांच्या कामानं वर्षानुवर्षं रस्ता आणखी आवळला. पीएमपीत उभं राहून किंवा दुचाकीवर धूर खात दोन-तीन तास घालवलेला माणूस “बसून” नव्हता, एवढं तरी घरानं धरून चालावं.

२०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. त्यावर बरीच चर्चा झाली. आम्ही नर्स आहोत, म्हणून दुसरा एक आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि ४८ तासांची आठवण तर आपल्या घरात असायलाच हवी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या कारकिर्दीत १९४६ ला कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याला ४८ तास हीच मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. व्यवस्थापकाच्या पदांना हा कायदा लागू नाही. म्हणून काय होतं, तर काल लागलेल्या पोरालाही मोठ्या हुद्द्याचं नाव देतात. कार्डावर काय लिहिलंय यापेक्षा हाताखाली कोणी आहे का, हे विचारा.

शरीरात काय बिघडतं ते आम्ही शिबिरात ज्या क्रमानं बघतो त्याच क्रमानं सांगतो. पहिली मान. लॅपटॉप खाली, मान पुढे, असं आठ-दहा तास. मग हात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेत हात झटकावा लागत असेल, तर मनगटात नस दबली आहे. तेलानं चोळून ती सुटत नाही, डॉक्टरला दाखवा. मग डोळे: स्क्रीनकडे बघताना माणूस पापणी कमी मिटतो, डोळा कोरडा पडून चुरचुरतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, हा सोपा उपाय. पोटाचं सांगायलाच नको, चहा आणि वडापाव यांवर निघालेली रात्र सकाळी छातीत जळजळते.

२०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम आलं. बाहेरच्यांना ते सुख वाटलं. आपल्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, सात वाजता पाणी येतं, शेजारी हळदीचा डीजे, आणि पोरगं लोखंडी पेटीवर लॅपटॉप ठेवून साहेबांशी इंग्रजीत बोलतंय. आवाज येऊ नये म्हणून गोधडी डोक्यावर घेऊन बोलणारी मुलगी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. अशा घरात महागडी खुर्ची सांगण्यात अर्थ नाही. लॅपटॉप दोन पिठाच्या डब्यांवर ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. काही शेकड्यांत मिळणारा वेगळा कीबोर्ड मांडीजवळच्या उंचीवर, कोपर काटकोनात. पाय लोंबकळत असतील तर खाली जेवायचा पाट. कमरेमागे गुंडाळलेली चादर. अर्ध्या तासानं उठून माठापर्यंत जाऊन यायचं. एवढं केलं तरी मानेचं बरंचसं दुखणं थांबतं.

रात्रपाळीचं वेगळं. सतत रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये “कर्करोगास बहुधा कारणीभूत” या गटात टाकलं आहे. घाबरवायला सांगत नाही. आम्ही स्वतः वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. पण वॉर्डातून आल्यावर आम्हाला झोपू देत. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, दुपारी, “अजून झोपलाय का!” असं ऐकत झोपणाऱ्याचं काय होत असेल? खिडकीला जाड काळं कापड लावा, त्याच्या उशाशी टीव्ही लावू नका, आणि पाहुण्यांना सांगा की तो कामावरून आलाय.

मुलींचं आणखी थोडं. रात्री साडेनऊनंतर काम करायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षित वाहतूक देणं कंपनीवर बंधनकारक आहे. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी मुलीचा कंपनीच्या गाडीच्या चालकानंच बळी घेतला, हे आपण विसरलेलो नाही. गाडी कोणती, नंबर कोणता, हे घरी कळवून निघायचं. बाळंतपणाला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. छेडछाडीची तक्रार घ्यायला दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत अंतर्गत समिती हवीच. तरी आम्हाला भेटलेल्या लग्न झालेल्या दोघी नोकरी सोडून बसल्या आहेत. कंपनीमुळे नाही, घरामुळे. रात्री साडेदहाला कॉल संपला की भांडी तिचीच असतात.

आणि जे मुलं विहारातही हळू आवाजात सांगतात ते. संगणक नाव विचारत नाही, पण पॅन्ट्रीत उभी असलेली माणसं विचारतात. “पूरा नाम क्या है?” मग “गाव कोणतं?” मग आरक्षणामुळे मेरिट कसं बुडालं यावर चर्चा, आणि आपल्या मुलानं चहा ढवळत ऐकायचं. एका मुलीनं १४ एप्रिलची रजा “पोटात दुखतंय” सांगून घेतली होती. एकाचा फोन वाजला आणि भीमगीताची रिंगटोन ऐकून शेजारचे गप्प झाले, दुसऱ्या दिवशी त्यानं ती बदलली. हा फक्त आपल्याकडचा अनुभव नाही. कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं जून २०२० मध्ये सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याला जातीमुळे वेगळी वागणूक दिल्याचा दावा लावला. कंपनीनं आरोप नाकारले, पुढे दोन अधिकाऱ्यांवरचा दावा राज्यानं मागे घेतला. २०२३ मध्ये सिएटल शहरानं जातीभेदावर बंदी घालणारा कायदा केला. आमचा मुद्दा आरोग्याचा आहे. दिवसभर आपण कोण आहोत हे सांभाळून बोलणारं शरीर सैल पडत नाही. दात आवळलेले, खांदे वर. रात्री आडवं झालं तरी झोप येत नाही. यावर गोळी नाही. त्याच कंपनीत आपली आणखी दोन माणसं शोधा, एकत्र डबा खा. तेवढ्यानं फरक पडलेला आम्ही पाहिला आहे.

नोकरी जाते तेव्हा काय, हे घरात कोणी बोलत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं जगभरातली सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. लहान कंपन्यांत तर जाहीरही होत नाही. एक मुलगा तीन आठवडे रोज सकाळी कार्ड घालून घरातून निघत होता आणि वाकडच्या पुलाखाली बसून संध्याकाळी परत येत होता. नोकरी गेल्याचं घरी सांगवेना. आम्हाला कळलं ते त्याच्या आईच्या ऑपरेशनमुळे. पित्ताशयातल्या खड्यांची तारीख ठरलेली, रुग्णालयात कार्ड दाखवलं तर विमा बंद. कंपनीचा विमा शेवटच्या दिवसाला संपतो आणि आई-वडिलांचाही त्याच्याबरोबरच. हे त्या मुलालाही माहीत नव्हतं. ऑपरेशन पुढे सरकारी रुग्णालयात झालं, पण मधले दोन महिने त्या माउलीनं कळा काढल्या.

म्हणून ही कामं नोकरी असतानाच उरका. कंपनीचा विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, हे राजीनाम्याच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारा. आई-वडिलांसाठी छोटी का होईना वेगळी पॉलिसी घ्या; त्यांना साखर लागल्यावर ती महाग पडते. शिधापत्रिका बंद पडू देऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकांना लागू आहे आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. घरात कोणी ठेकेदाराकडे हाऊसकीपिंग किंवा सिक्युरिटीला असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआयचा नंबर मागून घ्या. पैसे कापले जातात आणि कार्ड हातात नसतं, असं फार ठिकाणी आहे. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. राजीनामा दबावाखाली लिहून घेत असतील तर सही करण्याआधी पुण्यातल्या नाइट्ससारख्या आयटी कर्मचारी संघटनेशी किंवा कामगार आयुक्त कार्यालयाशी बोला. आणि लाखभर रुपये घेऊन “आत लावून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोटा अनुभव दाखवून लागलेली नोकरी तपासणीत जाते, पैसे आधी गेलेले असतात.

मुलगा बोलेनासा झाला, जेवण सोडलं, “माझ्यानं होत नाही आता” असं म्हणाला, तर त्याला नोकरीची किंमत समजावू नका. शेजारी बसा, एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. नोकरी गेली तर घर चालेल, हे त्याला आईच्या तोंडून ऐकायचं असतं.

आता त्या २७ वर्षांच्या मुलाचं. एका मोजणीवर रक्तदाबाचा आजार ठरत नाही, म्हणून त्याला दोन वेगळ्या दिवशी पुन्हा बोलावलं. १४६/९४ आणि १४८/९६. १४०/९० च्या वर राहतोय म्हटल्यावर औंधच्या जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथे रक्त, लघवी, ईसीजी झालं. साखर काठावर निघाली. डॉक्टरांनी तूर्त मीठ कमी, चालणं आणि झोप सांगितली, महिन्यानं परत बोलावलं. मीठ आणि चालणं आईच्या हातात होतं, लोणचं-पापड बंद झालं. झोपेचं कसं करायचं ते तिला कळेना. आम्ही सांगितलं, तो किती वाजता आडवा होतो आणि किती वाजता उठतो, रोज लिहून ठेवा.

तिला लिहायला फारसं येत नाही, पण आकडे येतात. विहाराच्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत ती तास लिहिते. मागच्या रविवारी ती दिनदर्शिका खिळ्यावरून काढून पदरात गुंडाळून घेऊन आली. आम्ही आठवड्याची बेरीज केली, ३८ तास. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, एवढं तर मी रात्रपाळीला होते तेव्हाबी झोपत हुते.”